उत्तनचा शेवटचा बॉक्स

केबलवाल्याकडे दोन गोष्टी साचतात. वायर आणि किस्से. वायर भंगारवाला तरी नेतो, किस्से कुणी नेत नाही. म्हणून तुम्हाला ऐकवतोय.

मी आणि माझा पार्टनर पास्कल, आम्ही दोघं भाईंदरपासून उत्तनपर्यंत केबल चालवतो. पास्कल मूळचा उत्तनजवळच्या डोंगरीचा, बोलायला कंजूष. आता घरोघरी इंटरनेट आलंय आणि लोक सेट-टॉप बॉक्स परत करत सुटलेत. ऑफिसात बसायला खुर्ची उरली नाही, सगळ्यांवर बॉक्स!

त्याचं मला फारसं वाटत नाही. माझा जीव अडकलाय तो आमच्या लोकल चॅनेलमध्ये. कुणाचा वाढदिवस, कुणाची हरवलेली शेळी, उत्तनची नारळी पौर्णिमेची मिरवणूक, सगळं त्यावर. कॅमेरा माझा. पास्कल रोज म्हणतो, "बंद करून टाकू. कोण बघतोय?"

* * *

मीरा रोडचे जोशीकाका, दादर सोडून इकडे आलेले. मुलाने नवा स्मार्ट टीव्ही लावून दिला आणि आमचा बॉक्स परत आला. आठ दिवसांनी काकांचा फोन.

"अरे, हा टीव्ही मला विचारतो, 'कोण बघतंय?' घर माझं, सोफा माझा, आणि मलाच विचारतो!"

"काका, तुमच्या नावावर क्लिक करा."

"माझं नावच नाहीये. मुलाचं आहे, सुनेचं आहे, नातवाचं आहे. चौथं 'किड्स' आहे."

"मग?"

"मग काय, किड्समध्ये बसतो. आठ दिवस हत्तीचं कार्टून बघतोय. बरं असतं रे!"

* * *

काकूंचं दुखणं वेगळं. पूर्वी साडेसातला सिरियलचा एक भाग बघायचा आणि सकाळी बागेत मैत्रिणींशी त्यावर चर्चा करायची. आता सगळे भाग एकदम हातात आले. काकूंनी दोन दिवसांत सिरियल संपवली! मैत्रिणी अजून लग्नातच अडकलेल्या, काकूंकडे बारसं होऊन गेलेलं. बागेत फर्मान निघालं, "जोशीकाकूंनी तोंड उघडायचं नाही!"

काकूंनी मला बोलावून घेतलं. "याला रोज एकच भाग सोडायला लाव ना. तुझ्या केबलला कशी शिस्त होती!"

मी पास्कलला मोठ्या अभिमानाने सांगितलं. तो म्हणाला, "मग बॉक्स घेतला का परत?"

नाही घेतला.

* * *

भाईंदर पश्चिमेचे जिग्नेशभाई. बॉक्स पुसून, पिशवीत घालून, रिमोटसकट तयार ठेवलेला. इतका नीट बॉक्स आजवर कुणी दिला नव्हता. मी वायर काढायला गच्चीकडे निघालो तर मागे धावत आले.

"अरे, वायर मत निकालना! उसपे मिसेस की साड़ियां सूखती हैं!"

माझ्याबरोबर आलेला पास्कल पक्कड खिशात घालून खाली उतरायला लागला. जिग्नेशभाईंनी वरून हाक मारली, "थोड़ा टाइट कर दो ना, बीच में झूलता है!"

* * *

उत्तनच्या कमळामावशी याच्याही पुढच्या. त्यांचं कनेक्शन आमच्या पहिल्या दिवसांतलं. एकदा तक्रार आली, चित्र उड्या मारतंय. जाऊन बघतो तर वायरवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोंबील!

"मावशी, ही केबलची वायर आहे!"

"मंग? बोंबलाला काय ठावं!"

जाताना आम्हाला त्यातलेच अर्धा किलो बांधून दिले.

* * *

एकेक करत सगळे परत आले, उत्तनला फक्त मावशींचा बॉक्स राहिला. परवा त्यांच्या मुलाचा फोन आला, "इंटरनेट घेतलंय, बॉक्स घेऊन जा." पास्कल म्हणाला, "झालं. यंदाची मिरवणूक दाखवू आणि चॅनेल बंद." मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तिचं रेकॉर्डिंग लावलं आणि ते चालू असतानाच आम्ही दोघं उत्तनला पोचलो. पास्कलच्या हातात पक्कड, माझ्या हातात रिकामी पिशवी.

दार उघडंच होतं. टीव्हीवर माझी मिरवणूक, मधूनमधून मुंग्या येत होत्या. समोर स्टुलावर पिठाचा डबा, डब्याला टेकवलेला मोबाईल, त्यावर व्हिडिओ कॉल चालू आणि कॅमेरा टीव्हीकडे. मावशी बाजूला बसून एकेकाचं नाव सांगत होत्या, "ह्यो बघ तुजा बापूस, नारळ घेऊन हाय!" मोबाईलमधून पाच-सहा जणांचा एकदम गलका झाला.

पास्कल आत शिरला आणि मधोमध उभा राहिला. "मावशी, बॉक्स..."

"आरं बाजूला हो!" मावशी कडाडल्या. "कुवेतवाल्यांना दिसत न्हाय!"

पास्कल तिथल्या तिथे खाली बसला. मोबाईलकडे बघितलं, टीव्हीकडे बघितलं. मग डोकं खाली घालून, गुडघ्यांवर रांगत टीव्हीच्या मागे गेला. मी रिकामी पिशवी धरून उभा. वायरची सैल झालेली पिन त्याने पकडीने घट्ट आवळली आणि तसाच रांगत बाहेर आला.

मोबाईलमधून कुणीतरी ओरडलं, "आता एकदम क्लिअर!"