मायाताईंची सिंधी

मायाताई बदलापूरला आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्यात शिवतात. सिंधी त्यांना सगळी समजते. बोलत मात्र नाहीत. मालक धर्मेशशेठ सिंधीत ओरडले की ताई मराठीत उत्तर देतात.

पाच वर्षांपूर्वी त्या आठवडाभर सिंधीच बोलत होत्या. झोप नव्हती आणि थकवाही नव्हता. गल्लीतल्या प्रत्येक दुकानदाराला त्यांनी स्वतःच्या कारखान्याच्या उद्घाटनाचं आमंत्रण दिलं. कारखाना नव्हताच. चामटोलीच्या दिरांना वाटलं, अंगात आलंय. त्यांनी नारळ फोडला.

अंबरनाथच्या डॉक्टरांनी आधीच्या डॉक्टरांची चिठ्ठी पाहिली. ताईंना नुसतं नैराश्य आहे असं समजून गोळ्या दिल्या होत्या. "त्या गोळ्यांनीही असा चढ लागू शकतो," डॉक्टर म्हणाले. "उतार आणि चढ, आजार एकच. बायपोलर." मग लिथियम सुरू झालं.

"म्हणजे मी बॅटरीवरची रिक्षा," ताई म्हणाल्या होत्या.

गोळ्यांइतकाच डॉक्टरांचा भर एका कागदावर होता. चढ लागण्याआधीच्या खुणा ताईंनी स्वतः लिहायच्या. पहिली खूण: सिंधी बोलते. दुसरी: झोपत नाही, तरी ताजी. खाली लिहिलं, अशा वेळी राजसीने, म्हणजे मी, डॉक्टरांना फोन करावा. सही माझी. कागद फ्रिजवर असतो.

गेल्या मंगळवारी संध्याकाळी ताई जिन्यात भेटल्या.

"छा हाल आहे, साईं?"

मला फ्रिजवरचा कागद आठवला.

"ताई, तुम्ही सिंधी बोलताय."

"बोलणारच. धर्मेशशेठनी मला सँपल मास्टर केलं, आता नव्या जीन्सचा पहिला नमुना मी शिवणार. सगळ्यांसमोर. मी सिंधीतच हो म्हटलं. मराठीत म्हटलं असतं तर उद्या म्हणाले असते, समझा नहीं."

डोळे चमकत होते. बोलणं भरभर. मागच्या वेळीही अशीच आनंदाची बातमी होती आणि ती खोटी निघाली होती. हा आजार असेल तर ही जागा गेली, आणि ताई पुन्हा काही महिने घरात.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. हसू जरा ओसरलं.

"लाव फोन. सही काय शोभेला केलीस?"

ताईंच्या घरात जाऊन मी फोन स्पीकरवर लावला. डॉक्टरांनी आधी झोपेचं विचारलं. ताईंनी कॅलेंडरवरचे आकडे वाचले. "सात. साडेसात. काल सात."

"गोळ्या?"

"एकही चुकली नाही."

"रक्ताची तपासणी?"

"गेल्या महिन्यात. तुम्हीच बघितलीत की."

"मग अभिनंदन, मास्टर. माणसाला आनंदही होतो. चार दिवस झोपेवर लक्ष ठेवा. कमी झाली तर लगेच फोन."

मी फोन ठेवला. ताईंनी फ्रिजवरून कागद काढला. 'सिंधी बोलते'च्या आधी दोन शब्द घातले: कारण नसताना.

"कर सही. कागद बदललाय."

मी केली.

"ठीक आहे," ताई म्हणाल्या.

'ठीक आहे' सिंधीतही 'ठीक आहे'च असतं. हे कुठल्या भाषेतलं, ते मी विचारलं नाही.