चौरंगाची सुलटी फेरी

आता हे सांगताना मला अजून घाम फुटतो, पण चहा गरम आहे तोवर सांगूनच टाकतो. हसायचं नाही हं!

आमच्या पंचवटीच्या घरी सत्यनारायण होता. अकराला गुरुजी येणार, आणि पिंपळगावहून सासूबाई. चौरंग त्यांनीच आमच्या लग्नात दिलेला. अस्सल सागवान, पण कडा साध्या, सपाट. आणि मी दीडशहाणा! त्यांना फोनवर सांगून बसलो, "आई, यंदा चौरंग ओळखू येणार नाही तुम्हाला!"

झालंही तसंच.

रफिक मिस्त्रींकडून राउटर आणला. लाकडाच्या कडेवरून नेलं की खालचं पातं गरागरा फिरून छान गोलाई काढते, ते मशीन. मिस्त्रींनी बजावलं, "साहेब, अंगठी काढा, बाह्या दुमडा, डोळ्यांना चष्मा लावा. चौरंग शिकंज्यात घट्ट आवळा. आणि मशीन घड्याळाच्या उलट न्यायचं. सुलट नेलं तर हातातून पळेल."

"अहो मिस्त्री, यूट्यूबवर बघितलंय मी सगळं!"

पूजेच्या दिवशी सकाळी गॅलरीत ठाण मांडलं. साडेआठ झालेले. आतून बायको दर पाच मिनिटांनी, "झालं का हो?" अंगठी काढली, चष्मा लावला, शिकंजा तीनदा तपासला. मशीन सुरू केलं, उलट्या बाजूला पाऊल टाकलं आणि थबकलो.

उलटं? सत्यनारायणाच्या चौरंगाला? अहो, आपण पिंपळालासुद्धा कधी उलटी प्रदक्षिणा घालत नाही! म्हटलं, मिस्त्रींचं काय, ते कपाटांची कामं करतात. देवाचं आपण बघायला नको?

वळलो आणि रीतसर सुलटा निघालो.

आई गं! मशीन जे सुटलं! ते पुढं, मी मागं! घर्रर्र करत कडेचा एक लचका तोडला, उडी मारली, पुढं जाऊन दुसरा तोडला. मला वाटलं, आणखी एक फेरी मारली की सारखं होईल. दुसऱ्या फेरीत आणखी चार लचके. मग तिसरी! तुम्ही म्हणाल, थांबला का नाहीस? अहो, प्रदक्षिणा दोन कुणी घालतं का?

दहाला मिस्त्री मशीन न्यायला आले. चौरंग बघून मटकन खालीच बसले.

"कसं फिरवलं?"

"सुलट. देवाचा चौरंग आहे हो."

"साहेब, देव अजून बसलाय कुठं? आत्ता तर नुसतं लाकूड आहे ना!"

लाज वाटली मला, खरंच. बिचाऱ्यांनी उलट्या बाजूनं, थोडं थोडं लाकूड काढत, तीन कडा लोण्यासारख्या करून दिल्या. चौथी पार हाताबाहेर गेलेली. "ही भिंतीकडं करा," म्हणाले आणि मशीन उचलून निघाले.

तसंच केलं. वर कापड अंथरलं. सुटलो एकदाचे!

कसलं काय! सासूबाई आल्या त्या थेट केळीचे खुंट बांधायलाच. नेमक्या भिंतीकडच्या पायाशी वाकल्या. कापड बाजूला झालं. बोट कडेवरून इकडून तिकडं फिरलं.

"काय गं, घरात उंदरं लय झालीत का? चौरंग पार कुरतडून ठेवलाय की!"

बायकोनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"एकच आहे, आई. ऐंशी किलोचा."