सात नंबरचे पाच फाऊल

मच्छिंद्र मामांनी उभ्या जन्मात बास्केटबॉल हातात धरला नव्हता. शिरूरच्या एसटी डेपोत ते वाहतूक नियंत्रक होते. गाडी आली की वेळ लिहायची, गेली की वेळ लिहायची, आणि मधल्या वेळात प्रवाशांच्या शिव्या खायच्या. पण फाऊल हा शब्द कानावर पडला की या माणसाचा चहा गार व्हायचा.

याची सुरुवात दौंडला झाली. एक्क्याण्णव साली काही महिने त्यांची बदली तिकडे होती. एका संध्याकाळी ड्यूटी संपवून ते एका मैदानाच्या कडेला उभे राहिले. चांगला धडधाकट पोरगा हात वर करून, मान खाली घालून बाहेर निघाला. त्याला लागलं नव्हतं, तो दमलाही नव्हता.

"ह्याला कुनी बाद केला?" मामांनी शेजारच्याला विचारलं.

"कुनी न्हाई. पाच फाऊल झालं त्याचं."

"म्हंजी ह्यानंच ह्याला केला?"

मामांना रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी ते परत मैदानावर हजर. कबड्डीत समोरच्याला शिवलं तर गुण मिळतो, मग इथं शिवलं तर गुन्हा कसा? खो-खोत शिवण्यासाठीच धावायचं, आणि इथं हात मागे ओढायचा? पुण्याहून त्यांनी नियमांचं पुस्तक आणवलं, त्याला तपकिरी कव्हर घातलं आणि आमच्या शाळेतल्या खेळाच्या सरांकडून ओळ न् ओळ समजून घेतली. सर वैतागायचे, मामा वैतागायचे नाहीत. एकदा मात्र ते हसत हसत म्हणाले होते, "सर, शिवल्याची शिक्षा आमच्या आज्यानं बी लई भोगली. पर हितलं बरं हाय. हितं मानूस कुनाचा ते बघत न्हाईत, नंबर बघत्यात." सर हसले नाहीत. मी तिथंच बॉलमध्ये हवा भरत होते. तेव्हा मला त्यात काही कळलं नाही.

पुढं केबल आली आणि डेपोसमोरच्या हॉटेलात अमेरिकेतले पगारी खेळाडू दिसायला लागले. तिथं पाच नाही, सहा फाऊलला बाहेर काढतात हे पाहून मामा अस्वस्थ झाले. "पगारी मानसाला एक चूक जादा? आमच्या यष्टीत तर पगारी मानसाला अर्धी बी माफ न्हाई!" आठवडाभर त्यांनी डोकं खाजवलं. मग एके दिवशी डेपोतून धावतच शाळेत आले. "सर, सापडलं! त्यांचा खेळ अठ्ठेचाळीस मिन्टं, आपला चाळीस. भागा. दोन्हीकडं आठ मिन्टाला एक चूक माफ!" एवढा आनंद मी बढती मिळालेल्या माणसाच्याही तोंडावर पाहिलेला नाही.

अक्षर मोत्यासारखं असल्यामुळे दौंडच्या नाताळातल्या स्पर्धेत त्यांना गुणपत्रक लिहायला बोलावू लागले. रजा टाकून, पदरच्या तिकिटानं जायचे. पाच-सहा वर्षांत त्यांच्या पत्रकावर एकदाही खाडाखोड झाली नाही आणि याचा त्यांना भारी अभिमान होता. शिवाय खिशात एक डायरी असायची. तिच्यात ते स्वतःच्या हौसेसाठी लिहीत, कुणी, कुठं, कशानं शिवलं ते. पत्रकाला लागतो नंबर. मामांना हवा असायचा सगळा वृत्तांत.

सत्त्याण्णवला आमचा शिरूरचा मुलींचा संघ दौंडच्या फायनलला पोचला. आमच्याकडे जर्सी होत्या नऊ आणि मुली दहा. दहावी मी, अनुपमा. उशिरा संघात आलेली. सात नंबरची जर्सी मोनालीची. ती दमली की बाहेर यायची, जर्सी उतरवून मला द्यायची, ती शाळेच्या शर्टावर चढवून मी आत जायचे. तिच्या घामानं ती ओलीचिंब असायची. मोनाली मामांच्याच आळीतली, मी बागायतदार पाटलांची. घरी ही जर्सीची गोष्ट मी कधी सांगितली नाही.

पहिल्याच सामन्याला मामांनी विचारलं होतं, "दोघींत एकच नंबर? पत्रकावर कसं लिवायचं?"

"घ्या की ॲडजस्ट करून," सर म्हणाले.

तिघांच्या बाकावर चौथ्याला बसवणाऱ्या एसटीतला माणूस. घेतलं ॲडजस्ट करून. सात नंबरच्या ओळीत 'मोनाली / अनुपमा' आणि पुढं फाऊलचे पाचच चौकोन.

फायनलला पुणे जिल्ह्याचा संघ निवडणारे गृहस्थ वही घेऊन बसले होते. मोनालीला त्या संघात जायचं होतं. तिथून पुढं खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत किंवा पोलिसात नोकरी, हे तिनं आम्हाला इतक्यांदा सांगितलं होतं की आम्ही तिला हवालदारीणबाई म्हणायचो. तिची आई चांगुणाबाई मार्केट यार्डात कांदा निवडायची. त्या दिवशी खाडा करून ती दोरीपाशी बसली होती.

साडेचार मिनिटं उरली होती. आम्ही एका गुणानं मागं होतो. शिट्टी वाजली. सात नंबर. मामांनी पाचवा चौकोन भरला आणि पाचची पाटी वर केली.

"मामा, माझे तीनच झालेत!" मोनाली ओरडली.

पंच साहेबराव सर म्हणाले, "नंबर सात, पाच फाऊल. बाहेर."

मोनाली बाहेर आली. मी बाकावर होते. दोन फाऊल माझे होते. एक कोपराचा, एक मागून ओढल्याचा. मला ते पक्कं ठाऊक होतं आणि मी गप्प बसले. भीती होती, खोटं कशाला बोलू. पण मनाच्या एका कोपऱ्यात बरंही वाटत होतं. निवडणाऱ्यानं वहीत काहीतरी खोडलं तेव्हा जास्तच.

मामांची पाटी अजून वरच होती. ते त्या ओळीकडे बघत होते. मग पाटी खाली ठेवून त्यांनी डायरी काढली, पानं उलटली आणि उभे राहिले.

"सर, थांबवा. चूक माझी हाय. ह्यातलं दोन लांब वेणीवालीचं हायेत. मी एका वळीत दोन मानसं बसवली."

साहेबराव सर म्हणाले, "मच्छिंद्रराव, पाच म्हणजे पाच. पत्रकावर खाडाखोड करणार का आता?"

संयोजकांपैकी एकजण मागून म्हणाला, "आपल्या आळीची पोर हाय म्हनून व्हय?"

सगळं मैदान ऐकत होतं. मामांचं तोंड काळंठिक्कर पडलं. त्यांनी त्या माणसाकडे पाहिलंसुद्धा नाही. तपकिरी कव्हरचं पुस्तक उघडून साहेबराव सरांपुढं धरलं. "हितं खेळाडूचे पाच असं लिवलंय, सर. जर्सीचे पाच न्हाई."

मग त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. विचारलं काहीच नाही. सात नंबरच्या ओळीतलं माझं नाव आणि दोन चौकोन खोडले, पट्टी घेऊन तळाला नवी ओळ आखली, तिच्यात माझं पूर्ण नाव लिहिलं आणि पुढं दोन चौकोन भरले. साहेबराव सरांनी मला विचारलं, "खरं का गं?" मी हो म्हणून मान हलवली. माझ्या नावाची ती पहिली स्वतंत्र ओळ.

मोनाली परत आत गेली. तीन मिनिटांत तिनं तीन बास्केट केले आणि दोन फाऊलही केले. पाचव्याला शिट्टी वाजायच्या आधीच तिचा हात वर होता. मामांनी पाटी उचलली.

"हे माझे, मामा!" ती ओरडली आणि ऐटीत बाहेर आली. आम्ही तीन गुणांनी हरलो. मोनालीची निवड झाली.

पुढच्या वर्षी पत्रक लिहायला दुसरा माणूस होता. मामांना कुणी बोलावलं नाही, कुणी कारणही सांगितलं नाही. तरी ते रजा टाकून जायचे आणि दोरीबाहेर उभं राहून डायरी लिहायचे. मला त्या मंडळींचा राग येतो. माझा त्याहून जास्त.

दोन हजार चारला मामा निवृत्त व्हायच्या आठवड्यात मी शिरूरच्या स्टँडवर त्यांना गाठलं. मी तोवर शिक्षिका झाले होते. सात वर्षं पोटात ठेवलेलं विचारलं, "मामा, तुम्ही तेव्हा मला का नाही विचारलंत, हे दोन तुझे का म्हणून?"

"इचारलं असतं आन् तुमी न्हाई म्हनला असता, तर अनुताई," मामा म्हणाले, "त्यो फाऊल कुठल्या चौकोनात भरायचा?"

टोमणा असता तर बरं झालं असतं. पण ते खरंच विचारत होते. डायरी मांडीवर उघडी होती, आणि पेनाचं टोपण काढून ते माझ्या उत्तराची वाट बघत होते.