लिंबू न ठेवलेल्या लॉऱ्या

चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैच्या आमच्या ब्रेकच्या कारखान्यात माल रवाना करायचं काम शेषगिरीरावांकडे होतं. माणूस तंजावरी मराठी, बोलणं जुन्या वळणाचं, वर तमिळ हेल. मी कोल्हापूरची, खरेदी विभागात. मला ते ऐकायला गंमत वाटायची. लॉरी निघताना ते स्वतः पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवायचे, पिळ्ळैयारचं, म्हणजे गणपतीचं, नाव घ्यायचे, मगच फाटक उघडायचं.

२००६च्या मार्चात विक्री घसरली. कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी बँकेला भलताच आकडा सांगून ठेवलेला, शिवाय त्यांचा बोनस त्याच आकड्यावर. मग काय, लढवली शक्कल! लॉऱ्या भरायच्या, पुण्याच्या गिऱ्हाइकाच्या नावानं बिलं फाडायची, गुम्मिडिपूंडीला एका रिकाम्या आवारात उभ्या करायच्या आणि एप्रिलात माघारी आणायच्या. कागदावर विक्री झाली. गेटपासवर सही मात्र शेषगिरीरावांची.

"अहो, करू नका सही, अडकाल!" मी चिडून म्हटलं.

"आमच्या श्रीवत्सला साहेबांनीच लावून घेतलं इथं," ते म्हणाले. श्रीवत्स त्यांचा मुलगा. "आणि एप्रिलात विकेलच की माल."

साहेबही हेच म्हणत, हिशेबवालेही हेच. शेषगिरीरावांनी सही केली. पण त्या लॉऱ्यांना लिंबू ठेवलं नाही. जायचंच नाही तर देवाला कशाला खोटं सांगायचं, म्हणाले.

जुने ऑडिटर कॉफी पिऊन जायचे. त्या वर्षी विद्यालक्ष्मी नावाची नवी मुलगी आली. मार्चअखेरच्या मालमोजणीला ती फाटकाशीच उभी होती.

"सर, सकाळच्या लॉऱ्यांना लिंबू ठेवलंत, यांना का नाही?" तिनं सहज विचारलं.

शेषगिरीरावांचा चेहरा पडला. देवाच्या बाबतीत त्यांना थाप मारता येईना.

"ह्या पुण्याला जात नाहीत, अम्मा."

चौकशी लागली. साहेबांनी सरळ हात वर केले, आपल्याला कल्पनाच नव्हती म्हणे! निवृत्ती तोंडावर असताना शेषगिरीरावांना काढलं, ग्रॅच्युइटीही अडकवली. ते तोंड उघडणार नाहीत, या बोलीवर श्रीवत्सची नोकरी राहिली. अजूनही आठवलं की माझं डोकं फिरतं. साहेब होते तिथेच आहेत.

पुढच्या मार्चात तोंडी हुकूम आला: यापुढे प्रत्येक लॉरीला लिंबू ठेवायचं, जाणारी असो वा नसो. लिंबं कंपनीच्या खर्चानं येतात. श्रीवत्स ठेवतो.