मोजक्या चिप्स

गोव्यातल्या पोकरच्या स्पर्धेत माझ्या शेजारी एक निवृत्त मास्तर बसले होते. डावावर लावायच्या चकत्या, म्हणजे चिप्स, त्यांच्यापुढे मोजक्याच उरल्या होत्या, माझ्यापुढे ढीग. मी साध्या पानांवरही खेळत होतो; ते एकेक डाव सोडून देत होते.

"थोडं उरलं की वाट बघायची," ते म्हणाले, "आणि मग सगळं एकदम लावायचं."

राण्यांची जोडी आल्यावर त्यांनी सगळं लावलं, आणि हरले. उठताना त्यांनी विचारलं, "जेवायला येता? हल्ली एकट्याला घास उतरत नाही."

"खेळ सोडून कसा येऊ?" मी म्हणालो.

संध्याकाळी मीही हरलो, तोवर ते निघून गेले होते. एकटाच जेवताना वाटलं, दुपारी माझ्यापुढे इतक्या चिप्स होत्या की अर्धा तास उठलो असतो तरी चुकलेल्या डावांपायी त्यातल्या थोड्याच कापल्या गेल्या असत्या, काही बिघडलं नसतं.