आबांना घेऊन नोएडाच्या शर्यतीला

दुष्काळात आबांची मेंढरं गेली आणि मेंढरांबरोबर आबांचं बोलणंही गेलं. आबा म्हणजे माझे वडील. पडेगावच्या मागच्या माळावर त्यांनी जन्मभर मेंढरं वळली. एकीकडून पाणी आटलं, दुसरीकडून प्लॉटिंगचे पांढरे दगड माळावर चढत आले आणि ऐन उन्हाळ्यात त्यांनी सगळा कळप व्यापाऱ्याला दिला. तेव्हापासून रोज संध्याकाळी ते दारापुढं वाघूर लावायचे, म्हणजे मेंढरं कोंडायचं जाळं. आत काहीच नसायचं. सकाळी उठून ते सोडायचे आणि नीट घडी करून ठेवायचे.

मी शेंद्र्याला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. फॉर्म्युला वनचं खूळ तिथल्या मित्रांनी लावलं. ऑक्टोबरात नोएडाच्या पुढं शर्यत होती. म्हटलं, आबांना नेऊ. त्या गाड्यांचा आवाज ऐकून दगडालाही वाचा फुटेल. आई म्हणाली, "दुखणं रेड्याला अन् डाग पखालीला." पण भाकरी-ठेचा तिनंच बांधून दिला.

औरंगाबादहून (तेव्हा गावाचं नाव तेच होतं) दुपारची अमृतसरची गाडी पकडायची, दुसऱ्या दिवशी दिल्ली. स्टेशनजवळ साधा लॉज मिळतो. ट्रॅकसाठी मेट्रोनं नोएडा आणि पुढं बस. सकाळी लवकर निघा, नाहीतर बसमध्येच शर्यत संपेल. आमचं तिकीट सगळ्यात स्वस्त स्टँडचं होतं, तरी आठवड्याचा पगार गेला. गेटवर बाहेरचं पाणी चालत नाही. पोरं बाटल्या तिथंच टाकून आत पळत होती. आबांनी आपली बाटली तोंडाला लावली आणि संपेपर्यंत उभ्या उभ्या प्यायले. मागची रांग खोळंबली. मला लाज वाटली नाही.

शुक्रवार सरावाचा. प्रेक्षकांना वाटतं गाड्या उगाच फिरतायत, पण त्या दिवशी टायर किती टिकतात, गाडीचा मागचा पंख किती तिरपा ठेवायचा, हे सगळं ठरतं. कानात घालायला बोळे न्याच. आबांनी कानावरून पटका बांधला आणि समोरच्या कुंपणाकडं बघत बसले. शनिवारी पात्रता फेरी. तिचे तीन टप्पे असतात. पहिल्या दोन टप्प्यांत मागचे गळत जातात, शेवटी उरलेल्यांत जो सगळ्यात वेगवान तो रविवारी पुढं उभा राहतो. मग गाड्या कुलपात जातात. शर्यतीपर्यंत त्यांच्यात मोठा फेरफार करता येत नाही. मी हे सगळं आबांना रंगवून सांगत होतो. शेजारच्या दिल्लीच्या पोरानं त्यांना विचारलं, "अंकल, आप किसके साथ हो?" आबांनी माझ्याकडं बोट केलं. तेवढ्यावर मी दिवसभर खूश होतो.

रविवारी मात्र खरंच काहीतरी घडलं. शर्यतीआधी एक फेरी असते, फॉर्मेशन लॅप म्हणतात. काल सगळ्यात वेगवान ठरलेली गाडी पुढं आणि बाकीच्या ओळीनं तिच्या मागं. कुणी कुणाला ओलांडायचं नाही. टायर तापवायला डावीउजवीकडं वळत, सावकाश सगळी रांग येते आणि आपापल्या जागी थांबते. ती रांग दूरच्या वळणावर दिसली आणि आबा उठून उभे राहिले. पटका कानावरून खाली ओढला.

"म्होरला कोण हाय रं?"

कितीतरी महिन्यांनी त्यांनी आपणहून काही विचारलं होतं. मी हरखून सांगायला लागलो, की हा पहिला आला म्हणून पुढं, आता सगळ्यांनी त्याच्याच मागं यायचं.

"समदे गुमान येतेत," आबा म्हणाले. "आपला भुऱ्या बी असाच व्हता."

भुऱ्या म्हणजे आमचा म्होरक्या, गळ्यात घंटा असलेला मेंढा. तो चालला की कळप चालायचा. त्याला विकायचं नाही, असं घरात ठरलं होतं. तरी तो घरी दिसत नव्हता आणि विचारायची माझी हिंमत झाली नव्हती. कळप गेला त्या दिवशी मी ड्यूटीवर होतो.

"ट्रकाच्या फळीवर एक जनावर चढंना," आबा रांगेकडं बघतच बोलत होते. "मग म्या भुऱ्याला म्होरं घातलं. त्यो चढला, तसे समदे चढले. ट्रक ठासून भरला. भुऱ्या पार आत, केबिनीला चिकटून. काढावं कसं? व्यापारी म्हणला, आता एकासाठी समदा माल उतरवू का? घंटा लई लांबवर ऐकू येत व्हती."

समोर गाड्या जागेवर थांबल्या होत्या. लाल दिवे एकेक करून लागले. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि दिवे विझले, शर्यत सुटली. त्यानंतर दीड तास कुणाचंच काही ऐकू आलं नाही. आबांनी पटका पुन्हा कानावर बांधला. टायर कधी बदलायचे, गाडी पिटमध्ये थांबली की माणसं डोळ्याचं पातं लवायच्या आत काम कसं करतात, हे सगळं मला त्यांना दाखवायचं होतं. मी फक्त त्यांचा हात धरून बसलो. कोण जिंकलं ते मला दुसऱ्या दिवशी पेपरात कळलं.

पुढच्या वर्षीपासून ती शर्यत आपल्याकडं आली नाही. मला शर्यतीतलं विचाराल तर ती सावकाश फेरीच आठवते. टीव्हीवर ती लागली की मी आवाज बंद करतो. त्यांचं बोलणं परत यावं म्हणून मी इतक्या लांब गेलो आणि आलं ते हे.

त्या वर्षी पाऊस बरा झाला होता. आम्ही घरी पोचलो तेव्हा माळावर गुडघाभर गवत उभं होतं, पांढरे दगडसुद्धा त्यात दिसत नव्हते. आबा बराच वेळ तिकडं बघत राहिले. संध्याकाळी त्यांनी लावायला वाघूर बाहेर काढली. मी एक टोक धरायला पुढं झालो.

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "तुला सकाळची ड्यूटी हाय."