विचारणारा

आई सोलापुरात विड्या वळायची. शेजारी वाटीभर साखर मागायला गेलेलंही तिला चालायचं नाही. त्या घरातला मी पहिला पदवीधर, आइंडहोव्हन या डच शहरात इंजिनिअर झालो. आमच्या टीममधला दुसरा मराठी इंजिनिअर मात्र पुण्याच्या प्राध्यापकांचा मुलगा. काहीही विचारताना त्याची जीभ अडखळायची नाही. कॅन्टीनमध्ये अनोळखी डच माणसालाही तो "कसं लागतंय? चव बघू का?" विचारायचा, आणि तो माणूस चक्क ताट पुढे करायचा. माझा जळफळाट व्हायचा.

कंपनीने आम्हा दोघांना एकाच दिवशी काढलं. तीन महिन्यांत दुसरी नोकरी मिळाली नाही, तर तिथे राहायचं परमिट जाणार होतं. त्याने सुपरमार्केटच्या रांगेतसुद्धा लोकांना ते सांगितलं. मी बायकोलाही आठवड्याने सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात त्याला नोकरी लागली. मी अभिनंदनाचा दोन शब्दांचा मेसेज पाठवला.

मी ब्रेडा शहरातल्या एका छोट्या कंपनीत मुलाखतींच्या चार फेऱ्या दिल्या. त्यात दोन महिने गेले. ते ऐकून तो म्हणाला, "परदेशी माणसं घ्यायची सरकारी मान्यता आहे ना त्यांना?"

"असं कसं विचारणार? गरजू वाटतं ते."

"अरे राजा, आहोतच की आपण गरजू!" म्हणत त्याने माझाच फोन घेऊन तिथे विचारलं. मान्यता नव्हती; म्हणजे तिथे नोकरी मिळूनही परमिट गेलंच असतं.

दोन महिने मला न जमलेलं त्याने दोन मिनिटांत केलं, याचाच राग आला. पण पुढच्या प्रत्येक कंपनीला मी आधी तोच प्रश्न विचारला. मुदतीला नऊ दिवस उरले असताना मला युट्रेख्टमध्ये नोकरी लागली आणि परमिट टिकलं.